नो मॅन्स लँड म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन असते का?

बहुतेक वेळा नसते. अशा पट्ट्यावर बहुधा दोघांचा हक्क सांगितलेला असतो आणि म्हणूनच तिथे कुणा एकाचा अंमल चालत नाही. कोरियातला सुमारे 4 किलोमीटर रुंदीचा पट्टा 1953 च्या युद्धबंदी कराराने सैन्यमुक्त ठरला (नावापुरताच, कारण त्याच्या दोन्ही कडांना कडेकोट बंदोबस्त आहे). खरोखर कुणीच न मागितलेली जमीन हवी असेल तर इजिप्त-सुदान सीमेवरचा सुमारे 2,060 चौरस किलोमीटरचा बीर तविल पाहावा. तिथे 1899 ची सीमारेषा 22 व्या अक्षांशावरून सरळ जाते, तर 1902 ची प्रशासकीय रेषा वळणे घेते. समुद्राकाठचा कितीतरी मोठा हलाइब त्रिकोण आपल्या पदरात पडावा म्हणून इजिप्त पहिली रेषा धरून बसतो आणि सुदान दुसरी, आणि दोघांच्याही हिशेबात बीर तविलचे वाळवंट समोरच्याच्या वाट्याला जाते. मात्र 'नो मॅन्स लँड' म्हणजे निर्मनुष्य असे समजू नये: सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांची गस्त असलेल्या पट्ट्यात निकोसियाचा जुना विमानतळ ओस पडला असला, तरी त्याच पट्ट्यातल्या पिला गावात ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासी आजही शेजारी राहतात.