सगळी मशिनं चालू असूनही माल वेळेवर जात नाही, बॉटलनेक कसा शोधायचा आणि कुठले आकडे बघायचे?

"सगळी मशिनं चालू असूनही" हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण ह्याच एका वाक्यावरून माझं एका प्लांट हेडशी दोन वर्षं वाजलं होतं. बॉटलनेक म्हणजे ज्या एका टप्प्यापाशी सगळा माल अडतो तो.

मी तेव्हा प्लॅनिंगला होतो. शाफ्टचं काम, आधी लेथवर टर्निंग, मग भट्टीत हार्डनिंग, ग्राइंडिंग (घासून नेमक्या मापाला आणणं), फायनल इन्स्पेक्शन. आमच्याकडे मान एकाच आकड्याला, मशीन युटिलायझेशन, म्हणजे मशीन किती टक्के वेळ चालू होतं. सीएनसी लेथ ९२ टक्के, शाबास! आणि ग्राइंडरसमोर ट्रॉल्यांची अशी रांग की माणसाला अंग चोरून जावं लागायचं, मागच्या ट्रॉलीतल्या जॉबना, म्हणजे अर्धवट शाफ्टना, गंज चढलेला. लेथवाल्यांना ९२ टिकवायचे, सेटिंग बदलण्यात वेळ गेला की आकडा पडणार, म्हणून जे लावलंय तेच कापत राहायचं, ऑर्डर असो नसो, आणि जे आज पाठवायचंय ते कुठेतरी ढिगाखाली.

साहेब म्हणाले अजून एक लेथ घेऊ. मी म्हटलं लेथ नको, ग्राइंडर बघा. तर म्हणे तो दिवसभर चालूच असतो. मग मी तीन दिवस वही घेऊन तिथे उभा राहिलो. पहिल्या दिवशी ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये घासणारं व्हील प्रत्यक्ष जॉबला टेकलेलं होतं ३१० मिनिटं, पुढचे दोन दिवसही साधारण तेच. मोटर चालू, काम बंद. सेटिंग झाल्यावर पहिला पीस पास व्हायची वाट, तो तपासणारा क्यूसीवाला शेडच्या दुसऱ्या टोकाला. जेवणाची सुट्टी. आणि ज्याची अजून चीड येते ते म्हणजे टर्निंगलाच अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा बारीक, झालेले जॉबही ग्राइंड व्हायचे आणि शेवटी रिजेक्ट. सगळ्यात टंचाई ज्या वेळेची, तोच भंगारावर घालवायचा.

नवीन काही न घेता सुधारलं. सुट्टीत बदली ऑपरेटर, मोजमाप ग्राइंडिंगच्या आधी, क्यूसीने ग्राइंडरची हाक पहिली घ्यायची, आणि ग्राइंडर खाईल तेवढंच लेथने कापायचं. डिस्पॅच वाढला, लेथ ७० टक्क्यांवर आले. मीटिंगमध्ये मला त्या ७० वरून झापलं, डिस्पॅचचा तक्ता कोणी उघडलासुद्धा नाही.

म्हणून सांगतो, बॉटलनेक सोडून बाकी मशिनांचं युटिलायझेशन रिपोर्टमधून काढूनच टाका. वेळेवर गेलेल्या ऑर्डरी, शेडमध्ये अडकलेला अर्धवट माल आणि बॉटलनेकवर वाया गेलेली मिनिटं, एवढं बस. अर्धवट मालाचं गणित सोपं आहे, लिटल्स लॉ, १९६१ मध्ये जॉन लिटलने सिद्ध केलेलं. शेडमध्ये ६०० जॉब आणि रोज ४० बाहेर पडतायत तर आज आत आलेला जॉब सरासरी १५ दिवसांनी निघणार. ग्राहकाला १० दिवस सांगितले असतील तर ओव्हरटाइम लावायच्या आधी लेथ थांबवा. "मशीन थांबलं की नुकसान" हे फक्त बॉटलनेकला लागू होतं, तेव्हाही हेच म्हणत होतो.

हां, एक राहिलं, ढीग दिसला म्हणजे तिथेच बॉटलनेक असं दरवेळी नसतं, कधी बॅचच मोठी टाकलेली असते. आठवडाभर ढीग हटत नाही आणि पुढचा माणूस रिकामा बसलाय का ते बघा. प्रॉडक्ट बदललं की बॉटलनेक सरकतो, आमचा पुढे हार्डनिंगच्या भट्टीवर गेला, तेव्हा वही पुन्हा काढावी लागली.