टाकीत ठेवलं म्हणजे विल्हेवाट लागली का?

तुमचा प्रश्न असा होता की 'हॅनफर्डच्या किरणोत्सारी कचऱ्याची जमिनीखालच्या टाक्यांमध्ये विल्हेवाट लावली गेली' हे वाक्य बरोबर आहे का, कारण विल्हेवाट म्हणजे नायनाट आणि असला कचरा तर नष्ट होत नाही. (हॅनफर्ड म्हणजे अमेरिकेत अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायचे ती जागा.)

वाक्य चुकलंय, पण तुम्ही म्हणताय त्या कारणाने नाही.

विल्हेवाट म्हटलं की हल्ली पेपरातली 'मृतदेहाची विल्हेवाट'च डोळ्यासमोर येते, म्हणून तो शब्द पुसून टाकण्याचा वाटायला लागलाय. जुना अर्थ मात्र व्यवस्था लावणं, ज्याचं त्याला मार्गी लावणं असा. आमची आजी रात्रीचा भात उरला की सकाळी 'ह्याची काहीतरी विल्हे लाव गं' म्हणायची, आणि त्याचा अर्थ फेकून दे असा कधीच नसायचा, फोडणीला टाक असा असायचा. किरणोत्सारी कचऱ्याला हाच अर्थ फिट बसतो, कारण सीझियम-137 निम्मं व्हायलाच साधारण 30 वर्षं लागतात, प्लुटोनियम-239 ला 24 हजारांच्या वर, जाळा नाहीतर बुडवा, त्याला फरक पडत नाही, आपल्या हातात फक्त त्याची कायमची सोय लावणं.

आता हॅनफर्डला ती सोय लागली का? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी ही जागा, नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलंच. 1943 पासून टाक्या बांधत गेले त्या एकूण 177 झाल्या, त्यातल्या 149 एकाच पोलादी अस्तराच्या, आणि आत सुमारे 21 कोटी लिटर माल. साठ-एक टाक्या गळल्या असं धरून चालतात. म्हणजे टाकी ही तात्पुरती सोय होती, ती लांबली. त्यामुळे तिथे शब्द हवा साठवण. 'पुरला' पण नको, टाकी जमिनीखाली असली तरी माल पुरलेला नाही, काढायचाच आहे.

काढायचं कसं हे वाचताना मला आपले स्वयंपाकघरातले शब्द आठवत होते. मराठी लेखांमध्ये उगाच 'अधिप्लवी द्रव' वगैरे लिहितात, अहो ताकावर येते ती निवळ! टाकीत वर निवळ, मध्ये मिठाचा घट्ट थर, तळाला साका, आणि सगळं उपसल्यावरही बुडाशी चिकटून राहते ती खरवड, जी काढायला सगळ्यात जास्त जीव खाते. एका टाकीत तर गाळाखाली हायड्रोजन साठायचा आणि मधूनच उसळून वर यायचा, तिथले लोक त्याला सरळ ढेकरच म्हणायचे. शेवटी 1993 मध्ये आत पंप सोडून ढवळत ठेवलं तेव्हा ती शांत झाली.

खरी विल्हेवाट म्हणजे हे वितळलेल्या काचेत मिसळून गोठवणं आणि कायमच्या जागी ठेवणं. त्याचा कारखाना 2002 पासून बांधत होते, काच निघायला 2025 उजाडलं, आणि तीही कमी किरणोत्सारी भागाची. जास्त किरणोत्सारी मालाच्या काचेसाठी लागणारी जमिनीखालची खोल, कायमची जागा अमेरिकेकडे अजून नाहीच.

'कचरा' की 'अपशिष्ट' हेही तुम्ही विचारलंत. अपशिष्ट मला हिंदी सरकारी पाटीवरचं वाटतं, कचराच लिहा, सगळ्यांना कळतं. फक्त एक आहे, कचरा म्हटलं तरी त्यातलं सगळंच टाकाऊ नसतं. आपल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे, मुंबई) भाभा अणुसंशोधन केंद्राने ह्याच जातीच्या कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून काचेच्या पेन्सिली केल्यात, रक्तपेढ्यांमध्ये रक्तावर किरणांचा मारा करायच्या यंत्रात त्या वापरतात. आजीच्या भाषेत ही पण विल्हेच.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: 'हॅनफर्डचा किरणोत्सारी कचरा जमिनीखालच्या टाक्यांमध्ये साठवून ठेवलाय, त्यातल्या बहुतेकाची विल्हेवाट अजून लागायचीय.'