गेमिंग लॅपटॉप डेस्कटॉपची जागा घेऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की घर सेलूजवळच्या गावात आहे, आता छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला जायचंय आणि बजेट ९० हजार आहे. गेम खेळायचेत, जोडीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, आणि मित्र म्हणतोय की तेवढ्या पैशात डेस्कटॉपच घे. मी परभणीत लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. २०२१ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आणि नंतर घेतलेला गेमिंग लॅपटॉप, दोन्हींवर रोज काम असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही लॅपटॉप घ्या. फक्त तो घेताना ‘एसटीत मांडीवर ठेवून नेता येणारा डेस्कटॉप’ समजून घ्या. परभणीतच राहणार असता तर मी डोळे झाकून डेस्कटॉप सांगितला असता.

मित्राचं म्हणणं चुकीचं नाही. ग्राफिक्स कार्डाचं (गेम आणि व्हिडिओचं चित्र तयार करणारा भाग) नाव एकच असलं तरी लॅपटॉपमधली वस्तू वेगळी असू शकते. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ पासून लॅपटॉपच्या कार्डापुढचं ‘एम’ हे अक्षर काढून टाकलं आणि तिथून हा घोळ वाढला. आरटीएक्स ४०९० चंच घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कोर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि २४ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या कार्डात ९,७२८ कोर आणि १६ जीबी. ४०७० मध्येही डेस्कटॉपला १२ जीबी मिळते, लॅपटॉपला ८. माझ्या डेस्कटॉपमधल्या ३०६० ला १२ जीबी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डाला ६. एडिटिंगमध्ये ४के फुटेजवर इफेक्ट चढवले की हा फरक लगेच जाणवतो. ४०६० मात्र दोन्हीकडे ३,०७२ कोरचं आणि ८ जीबीचं आहे. तिथे बघायचे ते वॅट. लॅपटॉपचं ४०६० कंपनीच्या मर्जीप्रमाणे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवलेलं असतं. दोन लॅपटॉपवर स्टिकर एकच आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक, असं त्यामुळेच होतं. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: कार्ड किती वॅटचं? दुकानदाराला सांगता आलं नाही तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर बघा.

हे सगळं खरं असूनही तुम्हाला लॅपटॉप का सांगतोय? लाईटमुळे.

डेस्कटॉप घेतला तेव्हा मी ६०० व्हीएचा (यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस घेतला. ६०० म्हणजे ६०० वॅट, असा माझा समज होता. यूपीएसच्या मागे बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं होतं. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या वेळी (एडिट केलेला व्हिडिओ फाइल म्हणून तयार होताना) तीनशे वॅटच्या आसपास घेतात, त्यात मधूनच झटका येतो. लाईट गेली की यूपीएस एकदा ओरडायचा आणि सगळंच बंद. एका लग्नाचा साडेतीन तासांचा रेंडर असा दोनदा गेला, आणि नवरीच्या वडिलांना मी व्हिडिओ द्यायची तारीख पुढे ढकलायला सांगितली ते मला अजून लागून राहिलंय. पुढे ११०० व्हीएचा घेतला तेव्हा कुठे नीट झालं. म्हणजे डेस्कटॉपच्या हिशेबात मॉनिटर, कीबोर्ड-माऊस आणि असा यूपीएस धरा, मग ९० हजारांत कार्डासाठी काय उरतं ते बघा. मित्राने बहुतेक नुसत्या कॅबिनेटचा हिशेब केलाय.

लॅपटॉपला बॅटरी अंगचीच असते. गावात मोटारी चालू झाल्या, व्होल्टेज पडलं, डीपी उडाला, तरी काम सेव्ह करायला वेळ मिळतो. मात्र बॅटरीवर गेम खेळायची अपेक्षा ठेवू नका. गेम चालू असताना लॅपटॉप दीडशे-दोनशे वॅट मागतो आणि मोठ्यातली मोठी बॅटरी ९०-९९ वॅट-अवरची असते. विमानात परवानगीशिवाय १०० पर्यंतच नेता येते, म्हणून कंपन्या त्याच्यावर जात नाहीत. हिशेब केला तर अर्धा तास. त्यात बॅटरी तेवढा जोर देऊच शकत नाही, म्हणून प्लग काढला की कार्ड आपोआप हळू होतं. नुसतं कोडिंग, पीडीएफ वाचणं असेल तर काही तास निघतात.

आता उन्हाळा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागा असते, लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड बोटभर जाडीत एकमेकांना चिकटून तापतात. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचला की जळू नये म्हणून वेग कमी करतो. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस अंश सहज असतात, म्हणजे लॅपटॉपची सुरुवातच एसीच्या खोलीपेक्षा पंधरा अंश वरून होते. पाथरीच्या एका लग्नात स्टेजच्या मागे बसून हायलाइट काढत होतो, तेव्हा घरी वीस मिनिटांत होणारं काम चाळीस मिनिटं चाललं. मागची बाजू दोन इंच उचलली आणि टेबलावरची मखमली चादर काढली, तेव्हा बराच फरक पडला. लॅपटॉप गादीवर, बाजेवर, पांघरुणावर कधीच ठेवू नका, खालून हवा ओढायची जागा बंद होते. कूलरच्या अगदी तोंडासमोरही नको. कूलरबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं असतं. खोली थंड होऊ द्या, पण झोत बाजूने जाऊ द्या. काळ्या मातीची धूळ वर्षातून एकदा तरी आतून साफ करून घ्यावी लागते. आणि पंख्यांचा आवाज: शेजारी कोणी झोपलं असेल तर तो त्रास खरा आहे, हेडफोन तुमच्या कानाला असतो, त्यांच्या नाही.

दुरुस्तीत मात्र डेस्कटॉपला तोड नाही. माझा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) गेला तेव्हा स्टेशन रोडवरून नवा आणून तासाभरात काम सुरू केलं. लॅपटॉपचा २३० वॅटचा अडॅप्टर गेला, तेव्हा तो परभणीत मिळाला नाही आणि मागवलेला यायला बारा दिवस लागले. लॅपटॉपचं कार्ड मदरबोर्डवरच झाळलेलं असतं. ते गेलं तर बोर्ड गेला, आणि तीन वर्षांनी नवं कार्ड टाकू म्हटलं तरी टाकता येत नाही. म्हणून वॉरंटी वाढवण्यावर खर्च करा, रंगीत दिव्यांवर नको. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता येतात का आणि एसएसडीसाठी (फाइली साठवायची ड्राइव्ह) दुसरी जागा आहे का, हे आधी विचारा. १६ जीबी रॅमपेक्षा कमी घेऊ नका. ४०६० पुऱ्या वॅटचं मिळालं तर ४०७० च्या मागे पळायची गरज नाही, उरलेल्या पैशात २४ इंची मॉनिटर होईल तेव्हा घ्या. १५ इंची स्क्रीनवर एडिटिंगची टाइमलाइन बघून माझी मान धरते.

दिवसभर प्लगला लावून ठेवणार असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये बहुधा असते, ती पहिल्या दिवशीच चालू करा. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी एकत्र आली की ती लवकर उतरते, फुगतेसुद्धा.

एक राहिलं, अर्थिंग. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे डेस्कटॉपच्या पत्र्यावर घरच्या लाईनच्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं आणि हात लावला की झिणझिणतं. तीन पिनचा अडॅप्टर असलेल्या धातूच्या लॅपटॉपलाही तेच होतं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि चांगलं असलेलं अर्थिंगही बिघडतं. गावी खड्ड्यात पाणी सोडत जा. संभाजीनगरला रूम बघायला जाल तेव्हा वायरमन सोबत न्या आणि तिसऱ्या पिनला खरंच अर्थ आहे का ते तपासून घ्या. नसेल तर डिपॉझिट देण्याआधीच मालकाला सांगून करून घ्या, नंतर कोणी मनावर घेत नाही.