इंग्रजीतला ‘डे’ संस्कृत ‘दिन’वरून आला आहे का? असं मूळ कसं तपासायचं?

नाही. आवाज जवळचा, अर्थ तोच, तरी ‘डे’ आणि ‘दिन’ यांचं नातं नाही. पहिल्या अक्षरातच घोडं अडतं.

संस्कृत आणि इंग्रजी एकाच जुन्या मूळ भाषेतून निघाल्या, म्हणून त्यांचे आवाज ठरावीक रीतीने जुळतात. संस्कृतातला ‘द’ अस्सल (उसन्या न घेतलेल्या) इंग्रजी शब्दांत ‘ट’ होऊन भेटतो: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. (एका जोडीवर विसंबू नका, तीन-चार तरी जुळायला हव्यात.) जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाचाच हा भाग. इंग्रजीत ‘ड’ असेल तर संस्कृतात बहुधा ‘ध’ सापडतो: विधवा–विडो, मधु–मीड, म्हणजे मधाची दारू. ‘दिन’च्या घराण्यातला शब्द इंग्रजीत आहे, पण तो ‘ट्यूजडे’त लपलाय. त्यातला ‘ट्यू’ म्हणजे टीव नावाचा जुना जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन बोलणाऱ्यांच्या पूर्वजांचा, देव. आपल्या ‘देव’ शब्दाचा हा सख्खा भाऊ.

आता शेवट बघा. शब्द नेहमी आजच्या रूपाकडून मागे न्यायचा आणि वाटेत भावंडांना, म्हणजे त्याच घराण्यातल्या भाषांना, विचारायचं. ‘डे’ला जर्मनमध्ये ‘टाग’ म्हणतात, गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत ‘दाग्स’. पावसाला इंग्रजीत ‘रेन’, जर्मनमध्ये ‘रेगन’. म्हणजे इंग्रजीने असा ‘ग’ गिळलाय, ‘डे’च्या शेवटीही तो होता. ‘दिन’मध्ये त्या ‘ग’चा मागमूस नाही, आणि ‘न’चा हिशेब ‘टाग’कडे नाही.

बहुतेकांची गल्लत होते ती उसन्या शब्दांत. ‘डेंटल’मध्ये ‘ड’ तसाच आहे, मग नियम मोडला का? नाही. तो लॅटिनमधून फार उशिरा घेतलेला शब्द, बदल होऊन गेल्यावर आलेला. म्हणून आधी शब्दकोशात इंग्रजीतली पहिली लेखी नोंद कधीची आहे ते पाहा. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यामुळे त्यापुढच्या नोंदीबाबत जास्त सावध राहा. उसन्या शब्दाला ध्वनिनियम लावायचा नाही, त्याचा प्रवास शोधायचा. ‘शुगर’चा तर पूर्ण सापडतो: शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच सुक्र आणि मग इंग्रजी. म्हणजे संस्कृतातून आलेला शब्द हवाच असेल तर हा घ्या.

आणि शब्दकोशात एखाद्या रूपाआधी तारकाचिन्ह दिसलं, तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून बांधलेलं आहे. ते पुरावा म्हणून पुढे करू नका.