गुरुजी, ४३६१ ची मंजूर झालेली कॉपी आधी शोधा

न्यू जर्सीतल्या एका देवळाच्या गुरुजींचं पत्र आलंय, असली पत्रं मला वर्षातून तीन-चार तरी येतात. वय ५६, देवळात १४ वर्षं. सुरुवातीलाच टॅक्सवाल्याने "१५.३ टक्के वाचतील" म्हणून फॉर्म ४३६१ वर (धर्मकार्य करणाऱ्यांनी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणाचा सरकारी आरोग्य विमा, यांच्या टॅक्समधून सूट मागायचा अर्ज) सही घेतली, आता सोशल सिक्युरिटीच्या साइटवर बघतात तर सगळीकडे शून्य. परत आत येता येईल का विचारतात.

फॉर्म मंजूर झाला असेल तर नाही. १९९९ च्या कायद्याने एकदा माघारीची मुभा दिली होती, ती मुदत एप्रिल २००२ ला संपली, तेव्हा तुम्ही अमेरिकेत आलाही नव्हता. तशी संधी परत द्यायची बिलं अमेरिकन संसदेत येतात, पण बिल म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या भरवशावर म्हातारपण काढता येत नाही.

पण तुम्ही लिहिलंय "फॉर्म पाठवला होता". मंजूर झाला असं कुठेच नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. फॉर्म तीन प्रतींत जातो, मग आयआरएस (टॅक्स खातं) एक पत्र पाठवते, ते वाचून सही करून परत द्यायचं, आणि शेवटी फॉर्मची एक प्रत खालच्या चौकटीत मंजुरीची खूण होऊन घरी येते. ती आल्याशिवाय सूट लागूच होत नाही! ते मधलं पाकीट न फोडता ड्रॉवरमध्ये टाकणारे मी पाहिलेत आणि दरवेळी जीव तुटतो. मात्र कॉपी घरात नाही म्हणजे मंजुरी नव्हती असं धरू नका, आयआरएसकडून लेखी खात्री करून घ्या, आणि ते पत्र स्वतः लिहू नका. त्या फॉर्मवर तुम्ही सरकारी विमा घेणं माझ्या धर्मतत्त्वात बसत नाही असं सही करून सांगितलंय, तिथे आता "टॅक्स वाचवायला केलं" लिहून बसाल.

मंजुरी नसेल तर तुम्ही अजून आतच आहात, पण घड्याळ चालू आहे. वर्ष संपल्यावर ३ वर्षं ३ महिने १५ दिवसांत कमाई दाखवली तरच क्रेडिट (पेन्शनसाठी मोजला जाणारा गुण) मिळतं, म्हणजे २०२३ साठी १५ एप्रिल २०२७. त्याआधीची वर्षं एकेक करून हातातून जातात. हिशोबात हाउसिंग अलाउन्सही (देवळाने दिलेला घरभत्ता) धरावा लागेल, त्यावर इन्कम टॅक्स नसला तरी हा टॅक्स आहे. व्याज-दंड किती ते रिटर्न बघून सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) सांगेल.

मंजुरी असेल तर पेन्शनला लागणारी ४० क्रेडिट पौरोहित्याबाहेरच्या कामातून करावी लागतील. सत्यनारायण, लग्न, वास्तुशांतीची दक्षिणा त्यात धरत नाहीत. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे दहा वर्षं, तोवर तुम्ही ६६ चे.

आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की वहिनी फार्मसीतली नऊ वर्षांची नोकरी दिवाळीला सोडून पुण्याला नातवंडाकडे जाणार. अहो, त्यांची ३६ क्रेडिट झाली असतील, चार राहिलीत! ती भरली तर त्यांच्या रेकॉर्डवर तुम्हाला ६७ व्या वर्षी त्यांच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतं, आणि त्या ६२ च्या झाल्या असतील तर तुम्हाला ६५ ला मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) फुकट, नाहीतर २०२५ च्या दराने महिना २८५ डॉलर. त्यांचं स्टेटमेंट आजच काढा, चारही क्रेडिट जमा दिसेपर्यंत राजीनामा देऊ देऊ नका.