दोन वर्षं जाऊ द्या, पण परतीची तारीख ठरवून

नमस्कार,

पत्र मिळालं. तुम्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे, आहात, वहिनी घरी विड्या वळतात, धाकटा बारावीला आहे. मोठी लेक गणितात बीएस्सी झाली आणि आता म्हणते, सातपुड्यात एका भक्तिसंस्थेची निवासी शाळा आहे, तिथे दोन वर्षं शिकवायला जाते. राहणं-जेवण संस्थेचं, मानधन महिना तीन हजार, पहाटे प्रार्थना. तुम्ही लिहिलंय, “विड्यांच्या पैशावर शिकवलं सर हिला, आणि ही संन्यासाच्या गोष्टी करायली. आयुष्य वाया जाईल का?” संस्थेचं नाव इथे छापत नाही.

वाया जाणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही: घराला तिच्या पगाराची आज गरज आहे का? हजार विड्यांमागे काय मजुरी पडते हे मला सांगायला नको. धाकट्याची पुढची फी किंवा एखादा हप्ता तिच्यावर अवलंबून असेल, तर तिने आधी वर्षभर इथेच कमवावं आणि मग जावं. गणित शिकवणारं माणूस डोंगरातल्या शाळेला पुढच्या वर्षीही हवंच असतं.

घर तिच्यावाचून चालत असेल, तर ‘पक्क्या नोकरीची वाट सोडून मानधनावर चालली’ ही भीती जरा तपासून बघा. समजा ती आजपासून सरकारी शिक्षिका व्हायच्या मागे लागली. बी.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी (आठवीपर्यंत शिकवायचं तर लागणारी पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी). एवढं करून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवकच, म्हणजे तिथेही मानधनच. 2023 मध्ये वाढून ते प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 झालं. शिवाय ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविकाच लागते. तेव्हा लहान मुलांना शिकवायचंय की मोठ्यांना, हे या दोन वर्षांत तिचं तिलाच कळलं तर पुढची फी वाचेल. वयाची अट खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी परतलेल्या मुलीचं काही बिघडत नाही. मात्र एक भ्रम नको: त्या भरतीची गुणवत्ता यादी टेटच्या गुणांवर लागते, सेवेच्या अनुभवाचे जादा गुण मिळत नाहीत.

आता जरा माझं सांगतो, कारण मीही असाच गेलो होतो. 1997 चा जून, सातपुड्यातल्या धडगावच्या वरच्या अंगाला एक पाडा. गेलो तेव्हा धुळे जिल्हा होता. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला आणि आईची पत्रं महिनाभर कुठेकुठे फिरून येऊ लागली. पत्र्याची खोली, दोन जोड कपडे, एक कंदील, सहाशे रुपये. आणि आपण फार मोठा त्याग केलाय ही घमेंड, ती मात्र पोतंभर.

घमेंड पोरांनीच उतरवली. त्यांच्या घरात पावरी बोली, पुस्तकात पुण्याचं मराठी आणि माझ्या तोंडी सोलापूरचं. “काय करायलास बे?” म्हटलं की आख्खा वर्ग माझी नक्कल करायचा. पाचवीत एक मुलगी होती, कायम गप्प. फळ्यावर एक छेद चार लिहिलं की मान खाली. मी तिला मनातल्या मनात ‘कच्ची’ ठरवून टाकलं होतं.

एप्रिलमध्ये ती यायची बंद झाली. तिकडे तेव्हा आमचुराचे दिवस असतात. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, उन्हात पसरायच्या, घरातले सगळे हात त्यातच. बाजाराच्या दिवशी ती आईबरोबर आमचूर विकायला आलेली दिसली. व्यापाऱ्याने तोलून सांगितलं, पावणेचार किलो. भाव वीस. त्याने तिच्या तळहातावर सत्तर रुपये ठेवले. पोरीने मूठ मिटली नाही. हात तसाच पुढे, नजर त्याच्या गल्ल्यावर. पाचची नोट पडली तेव्हा बोटं मिटली.

पाव, अर्धा, पाऊण तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. कच्चा होता तो माझा फळा. आणि तिथे उभ्या उभ्या मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेतली, पहिलीत माझ्या शेजारी बसणारी तेलुगू घरातली पोरं आठवली. मराठी समजेपर्यंत वर्ष जायचं त्यांचं, आणि त्या वर्षात ती ‘ढ’ म्हणून मार खायची. मीही त्यांना हसलो होतो.

तिथे जाऊन मला जे मिळालं ते हे. देवाने दिलं म्हणा किंवा आमचुराने. आज कुणी पालक पोराला ‘डोकंच नाही’ म्हणत माझ्यासमोर बसवतो, तेव्हा मी आधी विचारतो, घरी कुठली भाषा बोलता?

तुमच्या लेकीकडे हे आधीपासूनच आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बीएस्सी इंग्रजीत. मला जे कळायला दहा महिने लागले, ते तिला आठवड्यात दिसेल.

पण माझी चूकही ऐका. दुसऱ्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पैशापायी आठ महिने लांबलं. शेवटी भावाने उसने काढून केलं. मी लांबून प्रार्थना करत होतो. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या परंपरेत दासोह आहे, पण त्याआधी कायक आहे. आधी कष्टाने मिळवायचं आणि त्यातलं वाटायचं. ते मी उलटं केलं, आणि घरच्यांचं वाटून मोकळा झालो. म्हणून सुरुवातीला पगाराचं एवढं टोकून विचारलं.

ती जाण्याआधी तुम्ही दोघं एकदा तिथे जाऊन या. मुलींची राहायची सोय, रात्री कोण असतं, दवाखाना किती लांब, हे डोळ्यांनी बघा. किती काळ, काय काम, मानधन किती, हे लेखी घ्या. आरोग्य विमा काढूनच पाठवा. प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का, हे तिने विचारावं. पोरांच्या घरच्या देवांना तिथे मान आहे का, हे तर नक्कीच. होळी हा तिकडचा मोठा सण, त्याला पोरांना घरी सोडत नसतील तर मी दोनदा विचार करेन. बी.एड. सीईटीसाठी रजा आत्ताच मान्य करून घ्या. आणि परतायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण अशा ठिकाणी ‘अजून एकच वर्ष’ फार सहज निघतं तोंडातून.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथोत्सवाला येता येईल का, तेही विचारा. मला दोन्ही वर्षं गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, चुकला होता. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्याल तेव्हा अंदाजापेक्षा दुप्पट द्या. पहिल्या संध्याकाळी निम्मी पोरांतच संपते.