डोंबिवलीचा फ्लॅट विकून शर्यतीची बोट घ्यावी का?

साउदॅम्प्टनजवळ राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५८, पेशानं अभियंता, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी कमावती. एका बोटयार्डाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्यांना १९६०च्या दशकातली ३६ फुटी लाकडी शर्यतीची बोट सापडली आहे. मालक १४,००० पौंड मागतो. यार्डवाल्यानं दुरुस्तीचा तोंडी अंदाज ६०,००० पौंड सांगितला. आराखडा वेगवान मोटरबोटींचे रचनाकार सॉनी लेव्ही यांचा असल्याचं मालक सांगतो, आणि लेव्हींची सुरुवात मुंबईत झाली होती हे कळल्यापासून वाचकांची झोप उडाली आहे. पैसे उभे करायला दोन वाटा त्यांनी सुचवल्या आहेत: डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा, किंवा पेन्शनमधून एकरकमी ९०,००० काढायचे. पाच वर्षांनी बोट १,२०,००० ला विकून 'सगळं वसूल' करायचा बेत आहे. पत्राच्या तळाशी वहिनींनी वेगळ्या शाईत दोन ओळी जोडल्या आहेत: 'त्यांना नाही म्हणू नका. पण फ्लॅटला हात लावू नका असं तुम्हीच सांगा.'

वहिनींचं बरोबर आहे. फ्लॅट विकू नका. कारणं सांगतो, पण आधी तुमच्या त्या 'वसूल'चा हिशोब करू.

यार्डाचे ६०,००० व्हॅट सोडून आहेत असं तुम्हीच लिहिलंय. २० टक्के धरले की ७२,००० झाले. बोटीचे १४,०००. यार्डात जागेचं भाडं महिन्याला २८० पौंड, म्हणजे पाच वर्षांचे १६,८००. हा आकडा तुमच्या कोष्टकात मुळीच नाही. आणि जो अंदाज एकही फळी न उघडता, बोटीभोवती एक फेरी मारून दिला जातो, त्यावर मी निदान ३० टक्के वाढ धरतो, ते २१,६००. बेरीज १,२४,४००. इंजिनांना अजून कुणी हात लावलेला नाही. विमा नाही, वाहतूक नाही. ज्या किमतीला विकायचं स्वप्न आहे ती ओलांडून आपण पुढे गेलोसुद्धा, आणि तेवढी किंमत देणारं गिऱ्हाईक पाच वर्षांनी मिळेल हेही आपण गृहीत धरलंय.

लाकडी बोटीचं काम जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसारखं असतं. एक भिंत उघडली की आतली तुळई पोखरलेली निघते, आणि मग थांबताही येत नाही. तुमच्या बोटीचा हल, म्हणजे बाहेरचं अंग, पातळ मॅहोगनीचे थर एकमेकांवर तिरके चिकटवून केलेला आहे. ही पद्धत हलकी आणि भक्कम, म्हणूनच त्या काळी शर्यतीच्या बोटींसाठी लोकप्रिय होती. पण थरांच्या मधे पाणी शिरलं की बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुसा अशी गत होते. तेही खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्यानं जास्त होतं. ताडपत्री फाटकी असल्याचं तुम्ही सहज लिहून गेलात. मला सगळ्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात महागडं वाटलं.

तेव्हा या बोटीला गुंतवणूक म्हणणं सोडून द्या. हा हौसेचा खर्च आहे. हौसेला पैसे घालायला माझी अजिबात हरकत नाही. आयुष्यभर कमावलं ते कशासाठी? फक्त हौसेचे पैसे हौसेच्या खिशातून यावेत. ब्रिटनच्या करखात्याचाही या बाबतीतला कल बघा. इंजिनाच्या बोटीसारखी वस्तू 'झिजणारी मालमत्ता' धरली जाते, त्यामुळे विकून नफा झाला तर सहसा भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. हे ऐकून खूश होण्याआधी दुसरी बाजू ऐका: तोटा झाला तर तो इतर नफ्यातून वजाही करता येत नाही. तुमच्या बाबतीत दोन्हींपैकी काय होण्याची शक्यता जास्त आहे, ते वरच्या बेरजेत दिसतंच.

आता फ्लॅट. २००६ मध्ये २२ लाखांना घेतलेला, आज ९० लाखांना जाईल असं तुम्ही म्हणता. पौंडाला १२० रुपये धरले तर ७५,००० पौंड. ते सगळे हातात येणार नाहीत. भारतात अनिवासी माणसाला अशा नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईची सूट न देता. ६८ लाखांच्या नफ्यावर अधिभार आणि उपकर धरून तो पावणेदहा लाखांच्या आसपास जातो, म्हणजे साधारण ८,१०० पौंड. शिवाय घेणारा टीडीएस कापतो तो नफ्यावर नाही, सगळ्या किमतीवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच मिळवलं नाही तर जास्तीचे पैसे परतावा येईपर्यंत अडकतात. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असल्यानं इथंही हिशोब द्यावा लागेल, आणि तो पौंडांत होतो: खरेदीची किंमत २००६च्या दरानं, विक्रीची आजच्या दरानं. तेव्हा पौंड ८३ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे पौंडातला नफा साधारण ४८,५००, त्यातून ३,००० ची वार्षिक सूट जाऊन उरलेल्यावर २४ टक्के, सुमारे १०,९००. भारतात भरलेला कर यातून वजा मिळतो, पण वरचा फरक इथं भरावाच लागतो. थोडक्यात, ७५,००० चे ६४,००० होतात, दलाली आणि वकील अजून बाकी.

कर भरूनही फ्लॅट विकणं कधीकधी शहाणपणाचं असतं. तुमच्या बाबतीत नाही, कारण त्या फ्लॅटच्या १८,००० रुपये भाड्यातून आईंकडे दिवसभर थांबणाऱ्या बाईंचा पगार जातो. हे तुम्ही कंसात लिहिलंय. फ्लॅट गेला की तो पगार दर महिन्याला पौंडांतून पाठवावा लागेल, किंवा भावाच्या गळ्यात पडेल. दुसरं झालं तर घरात काय बोललं जाईल, ते मी सांगायला नको. 'आईच्या बाईंचा पगार बोटीत घातला' हे वाक्य एकदा कुणाच्या तोंडून निघालं की कुठल्याही हिशोबानं ते पुसता येत नाही.

पेन्शनची वाट त्याहून थोडी बरी, पण ९०,००० नाहीत. तुमच्या ३,१०,००० च्या साठ्यातून एक चतुर्थांश, म्हणजे ७७,५००, करमुक्त काढता येतात. त्यावरचा प्रत्येक पौंड त्या वर्षीच्या पगारात मिसळतो आणि तुमच्या पगारावर त्याला ४० टक्के लागतात. वर एक छुपा सापळा: करपात्र भाग एकदा लवचीक पद्धतीनं काढलात की त्यानंतर अशा पेन्शनमध्ये करसवलतीसह वर्षाला फक्त १०,००० भरता येतात. अजून आठ-नऊ वर्षं नोकरी करायचा तुमचा विचार आहे, कंपनी तुमच्याइतकीच भर घालते. हीच वर्षं पेन्शन फुगवण्याची. बोटीसाठी तो नळ बंद करू नका.

मग बोट सोडून द्यायची का? नाही. निदान आजच नाही.

लेव्हींबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मला पटतं. वडिलांचा व्यवसाय मुंबईत, पन्नासच्या दशकात ॲफ्को कंपनीच्या कारखान्यात लाकडी बोटी बांधायचं काम, मग इटलीत अँझियोला प्रस्थान, आणि १९६३ मध्ये त्यांच्या आराखड्याची 'आ स्पेरांझिएला' इंग्लंडच्या दक्षिणेकडची काउझ ते टॉर्की शर्यत जिंकते. चार वर्षांनी गार्डनर बंधूंची 'सर्फ्युरी' तीच शर्यत जिंकते, तीही लेव्हींचीच. डेली एक्सप्रेसच्या मॅक्स एटकेननी १९६१ मध्ये सुरू केलेली ही शर्यत म्हणजे युरोपातल्या खुल्या समुद्रातल्या मोटरबोटींचा मोठा मान. तोवर वेगवान बोटींचे तळ सपाट असत आणि लाटेवर आपटून माणसांची हाडं खिळखिळी होत. खोल 'व्ही' आकाराच्या तळानं ते बदललं. अमेरिकेत रे हंटच्या आराखड्याच्या 'मॉपी'नं १९६० ची मायामी–नॅसॉ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. लेव्हींनी त्याच दिशेनं स्वतःची वाट काढली. मुंबईशी नातं असलेल्या माणसाची एक बोट पावसात कुजतेय, हे मनाला लागणं साहजिक आहे.

पण ती बोट खरंच लेव्हींची आहे का, आणि खरंच धावली होती का? मालकाच्या चिठ्ठीत '१९६६ च्या काउझ–टॉर्की–काउझ शर्यतीत सहभाग' असं लिहिलंय. शर्यत टॉर्कीहून परत काउझपर्यंत नेली गेली ती १९६८ मध्ये. १९६६ ला ती टॉर्कीलाच संपायची. मालक खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत चार हात बदलले की गोष्टी अशाच सरकतात. पण या एका ओळीवर तुम्ही जास्तीचे पैसे मोजणार आहात. साध्या लाकडी सांगाड्याची आणि शर्यतीचा पुरावा असलेल्या बोटीची किंमत एक नव्हे. पुरावा म्हणजे हलवरचा शर्यतीचा क्रमांक आणि त्या क्रमांकाचा त्या वर्षीचा फोटो, छापील कार्यक्रमपत्रिका, बांधणाऱ्या यार्डाची पाटी किंवा बिल. काउझच्या बेकन छायाचित्रकार घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तिथल्या बोटी टिपल्या आहेत. चौकशी तिथून सुरू करा. रंगाचे थर हळूच खरवडले तर जुना क्रमांक खाली सापडूही शकतो, म्हणून यार्डवाल्याला सॅंडर, म्हणजे घासायचं यंत्र, लावू देऊ नका.

म्हणून पहिला टप्पा ३,००० पौंडांचा, आणि तो तुमच्या रोख बचतीतून. मालकाला 'तज्ज्ञाच्या पाहणीच्या अटीवर' लेखी बोली द्या. लाकडी बोटी जाणणारा, यार्डाशी संबंध नसलेला मरीन सर्व्हेअर तुमच्या पैशानं आणा. ओलावा, थर सुटणं, मागची फळी आणि इंजिनं ज्यावर बसतात ते लाकूड, एवढं त्यानं ठोकून बघावं. मालकी तपासा. ब्रिटिश जहाजनोंदणीच्या पहिल्या भागात बोट असेल तर तिच्यावर गहाण आहे का ते तिथं दिसतं. छोट्या बोटींच्या तिसऱ्या भागातली नोंद मालकीचा पुरावा धरली जात नाही. यार्डाचं भाडं थकलं असेल तर तेही विचारा. नाहीतर मालकाला पैसे देऊन बसाल आणि यार्ड बोट सोडणार नाही.

तळ किंवा इंजिनाखालचं लाकूड गेलं असेल तर तिथंच थांबा. ३,००० गेले, पण लाखभर वाचले. मालकानं परवानगी दिली तर बोटीची मापं आणि फोटो मात्र घ्या, प्रत्येक खिळ्यापर्यंत. इतिहास जपण्याचा तो भाग स्वस्त आहे आणि त्यासाठी बोट तुमच्या नावावर असायला लागत नाही. ॲफ्कोच्या काळाबद्दल तर मुंबईतच शोधावं लागेल, आणि ते काम तुमच्यासारखा मराठी माणूस इथल्या कुणाहीपेक्षा चांगलं करेल.

लाकूड चांगलं निघालं तर घ्या, पण पूर्ण किमतीला नाही. घेतल्यावर पहिली दोन वर्षं जीर्णोद्धार करू नका. छपराखाली आणा, हवा खेळू द्या, कुजणं थांबवा. त्यासाठी तुमच्या ४६,००० च्या आयसामधून (ब्रिटनमधलं करमुक्त बचत खातं) जास्तीत जास्त १५,०००, आणि पुढे पगारातून वर्षाला ६,०००, त्याहून एक पौंड जास्त नाही. बाकीच्यासाठी भागीदार शोधा. पहिल्या भागात नोंद झालेल्या ब्रिटिश जहाजाचे कायद्यानं ६४ हिस्से असतात. तुमच्याकडे १६ असले तरी बोट तुमचीच वाटेल, आणि बिल चौघांत जाईल. कुणी बाहेर पडलं तर हिस्सा कोण आणि कुठल्या भावानं घेणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मित्रांमध्ये लिहायला लाज वाटते, पण भांडणं तिथंच होतात.

५० वर्षांहून जुनी, ३३ फुटांपेक्षा लांब आणि बरीचशी मूळ स्थितीतली बोट नॅशनल हिस्टॉरिक शिप्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाऊ शकते. तुमची ३६ फुटी आहे, म्हणजे मापात बसते. नोंद झाली म्हणजे अनुदान मिळालं असं समजू नका. पण अर्ज करायचा झाला तर ती हाताशी असलेली बरी. आणि 'मूळ स्थिती' हा शब्द लक्षात ठेवा. दोन मूळ पेट्रोल इंजिनं काढून नवी डिझेल बसवायचा विचार तुम्ही लिहिलाय. खर्चाच्या दृष्टीनं मला तो कळतो: ४०० अश्वशक्तीची दोन इंजिनं पूर्ण वेगात तासाला अडीचशे लिटरच्या घरात पेट्रोल पितात, लिटरला दीड पौंड धरला तरी तासाचे पावणेचारशे. पण मूळ इंजिनं भंगारात गेली तर तुम्ही जे जपायला निघालात तेच गेलं. डिझेल बसवलीच, तर जुनी तेल घालून, झाकून, कोरड्या जागी ठेवा. आणि खरं सांगायचं तर ही बोट वर्षातून दोनदा, हळू चालवायची. पूर्ण वेगात नेण्याचं वय तिचंही नाही आणि तुमचंही नाही.

वहिनींना एवढं सांगा की फ्लॅट राहतोय, पेन्शन राहतेय, आणि १५,००० वर त्यांची सही लागेल. आयसा दोघांच्या बचतीतून भरला आहे, सही खरीखुरी घ्या.

सर्व्हेअरचा अहवाल आला की पाठवा, मग भागीदारीच्या कराराचा मसुदा बघू. इंजिनाखालचं लाकूड ओलं निघालं तर अहवालही पाठवू नका. उत्तर वर दिलेलं आहे.